सीट काढली आणि खाली तळं सापडलं (१९९१ ची युनोस रोडस्टर)

उघडझाप
नमस्कार मंडळी. इथे पाककृती सोडून पहिल्यांदाच काही लिहितेय, सांभाळून घ्या.

तीन वर्षांपूर्वी लेस्टरमध्ये एक जुनी युनोस रोडस्टर घेतली. बाकी जग जिला माझदा एमएक्स-५ म्हणतं आणि अमेरिका मियाटा, तीच ही. जपानात माझदाने ती युनोस या नावाने विकली. माझी १९९१ ची आहे, १६०० सीसी, लाल, दिवे टोपणासारखे वर येणारी. आयडीचं कोडं सुटलं असेलच. जपानात वापरून मग बोटीने इंग्लंडला आलेल्या गाड्यांपैकी एक.

दिवाळीनंतर गाडीत कुबट वास यायला लागला. डब्यातलं काही सांडलं असेल म्हणून सोडून दिलं. मग एके दिवशी शेजारी बसलेली मैत्रीण म्हणाली, "अगं, माझे मोजे ओले कसे झाले?" गाडी उजव्या स्टिअरिंगची, म्हणजे ही डावी बाजू. कार्पेट वरून कोरडंठाक, पण अंगठ्याने दाबलं की ओल्या पोतेऱ्यासारखं पाणी वर.

शनिवारी हिय्या केला. बॅटरी या गाडीत डिकीत, उजव्या कोपऱ्यात असते. तिची निगेटिव्ह तार सोडवली. सीटला चार बोल्ट, १४ मिलिमीटरची गोटी (सॉकेट पाना). सीट पुढे सरकवली की मागचे दोन दिसतात, मागे सरकवली की पुढचे दोन. तीन बोल्ट लोण्यासारखे निघाले. चौथा, मागचा, बोगद्याच्या (दोन सीटांमधल्या पत्र्याच्या उंचवट्याच्या) बाजूचा, हलेना. जोर लावला तर गोटी सटकली आणि डोक्याचे कोपरे घासले गेले. आता सीट एका पायावर अडकून बसलीय, आणि मी गाडीबाहेर फरशीवर.

तर प्रश्न: १) हा बोल्ट कसा काढू? २) मधला कन्सोल काढावा लागेल का? ३) दाराचं आतलं पॅनेल? नवरा म्हणतो, "तू उघड, मी फोटो काढतो." त्याच्याकडून एवढीच मदत गृहीत धरा.

वाचनमात्र
रुमाल टाकून ठेवतो. पॉपकॉर्न आणतोय.

पाना१४
न्यू जर्सीहून. माझी मियाटा १९९४ ची, १८०० सीसी. दोनदा पूर्ण आतून उघडलीय, एकदा हौसेने आणि एकदा नाइलाजाने.

आधी एक विचारतो: गोटी बारा कोनी होती का? असणारच. सेटमध्ये तीच येते. बारा कोनी गोटी बोल्टच्या डोक्याला कोपऱ्यांवर धरते, सहा कोनी सपाट बाजूंवर. गंजलेल्या बोल्टवर बारा कोनी कधीही लावायची नाही. सहा कोनी १४ ची गोटी आणा, हलक्या हातोडीने ठोकून बसवा.

त्याआधी पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात मुरणारं तेल) मारा आणि झोपा. खरंच झोपा. सकाळी परत मारा, परत थांबा. मग लांब दांड्याने एकदम झटका न देता आधी किंचित *घट्ट* करायच्या दिशेला. 'टक्' आवाज आला की गंजाचा सांधा तुटला. मग पाव फेरा सैल, परत थोडा घट्ट, असं झुलवत काढा. त्या कोपऱ्यात पाणी साठतं म्हणून तोच एक अडकलाय. बाकी तिघे कोरड्यात होते.

आणि महत्त्वाचं: डाव्या बाजूला पायाखालच्या कार्पेटच्या आत, पत्र्याच्या झाकणाआड, गाडीचा ईसीयू आहे. इंजिनाचा मेंदू. तुमचं तळं नेमकं त्याच्या शेजारी आहे. ते सुकेपर्यंत बॅटरी जोडू नका.

चिपळूणचा_पूर
माझा आयडी बघून लोक हसतात, पण २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या आळीत शिरलं तेव्हा पुतण्याची हॅचबॅक डॅशबोर्डापर्यंत बुडाली होती. त्यानंतर पंधरा दिवस चिपळुणात जिकडे बघावं तिकडे रस्त्यावर सीटा वाळत घातलेल्या. पापडासारख्या.

ताई, त्यातून शिकलेलं सांगतो. कार्पेट वरून कोरडं झालं म्हणजे काम झालं असं समजू नका. खाली जाड फेल्ट असतं, ते आठवडा आठवडा ओलं राहतं. आम्ही घाईने पाचव्या दिवशी सगळं परत बसवलं. गणपतीत गाडीतून कोलंबीच्या टोपलीचा वास यायला लागला. परत सगळं बाहेर.

दुसरी चूक माझी स्वतःची. सीटा बाहेर असताना काच खाली करायला चावी फिरवली. नव्या गाडीत सीटखाली पिवळे कनेक्टर असतात, सीटच्या कुशीतल्या एअरबॅगचे. ते सुटलेले असताना चावी दिली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो, आणि मग तो स्कॅनर लावल्याशिवाय जात नाही. मेकॅनिकने दिवा घालवला, वर माझ्याकडे असं बघितलं की पैशांपेक्षा तेच लागलं.

पाना१४
@चिपळूणचा_पूर, बरोबर. ताईंच्या गाडीत सीटमध्ये एअरबॅग नाहीच, त्या काळी नव्हती. पण इथे अमेरिकेत १९९० पासून या गाडीच्या स्टिअरिंगमध्ये एअरबॅग होती आणि १९९४ पासून शेजारच्या बाजूलाही. म्हणून हा धागा वाचून कोणी आपली गाडी उघडणार असेल तर: निगेटिव्ह तार काढा, थोडा वेळ थांबा, पिवळ्या वायरीला टेस्टर लावू नका, आणि तार जोडायच्या आधी सगळे कनेक्टर परत जागेवर गेलेत का ते बघा.

तुमच्या सीटखालीही एक कनेक्टर असेल, हेडरेस्टमध्ये स्पीकर असतील तर. सीट उचलायच्या आधी हात घालून चाचपा. नाहीतर सीट येते आणि वायर तुटते.

बाबुराव_फियाट
एवढी उठाठेव कशाला? तीस-पस्तीस वर्षांची गाडी. विकून टाका आणि नवी घ्या. आमच्या फियाटला तळाला भोकं पडली होती, पावसाळ्यात खालून रस्ता दिसायचा. रबरी मॅट टाकली, सात वर्षं चालवली.

उघडझाप
बाबुराव, तुमच्या फियाटला माझा नमस्कार. पण ही गाडी कामाला जायला नाहीये हो, त्यासाठी डिझेलची आहे. ही रविवार सकाळसाठी.

कुशनवाले
पुण्यात तीन पिढ्या सीटकव्हर आणि कुशनचं काम करतो. इथे फार लिहीत नाही, पण विषय आपला निघाला.

ताई, सीट बाहेर आली की तिला पाठीवर झोपवू नका. खालच्या पट्ट्या (ज्यावर सीट सरकते) ग्रीसने माखलेल्या असतात, त्या कापडाला लागल्या तर डाग जन्मात जात नाही. जुनी चादर पसरून त्यावर उभी ठेवा. आणि दोन्ही पट्ट्या सारख्या खाचेत आहेत हे लावताना बघा. एक पट्टी एक खाच पुढे राहिली तर सीट तिरकी होते आणि चौथा बोल्ट काही केल्या भोकात येत नाही. लोक मग भोक मोठं करतात. माझ्याकडे अशी मोठी केलेली भोकं घेऊन लोक येतात.

फोम ओला असेल तर टॉवेलने दाबून पाणी काढा, पिळू नका. कडक उन्हात ठेवू नका. फोम उन्हाने पिवळा पडतो आणि मग भुसभुशीत होतो. सावली, वारा, पंखा.

उघडझाप
अपडेट!

काल रात्री तेल, आज सकाळी तेल, दुपारी सहा कोनी गोटी. घट्ट करायच्या दिशेला जरासं ढकललं. 'टक्' नाही झालं, 'कुईं' झालं, पण हलला! अर्धा तास झुलवला. बाहेर आला तेव्हा आट्यांमध्ये तपकिरी पीठ भरलेलं.

सीट एकटीने उचलली. वाटली होती त्यापेक्षा हलकी. सगळी गाडीच साडेनऊशे किलोच्या आसपास, त्यात सीट किती असणार. दारातून काढताना मात्र एकदा सरळ, एकदा तिरकी, शेवटी पाठ आधी, असं करत काढली. हेडरेस्टमागे चेन आहे, आत स्पीकर. कनेक्टर आधी सोडवला होता, धन्यवाद पाना१४.

मग कार्पेट. सिलवरची (दाराखालच्या उंबऱ्यावरची) प्लॅस्टिकची पट्टी स्क्रू काढून उचलली, कार्पेटची कड सुटली, मी ती वर धरली, आणि खाली चक्क तळं. पत्र्यावर उभं पाणी, वर काळपट साय. स्पंजने पिळून मोजलं, चार मग निघालं. त्यात एक पिवळं पान तरंगत होतं. गाडी छताची, बंद, दारं बंद, आणि आत पिंपळासारखं एक अख्खं पान!

आणि फेल्टच्या घडीत एक नाणं. भोकाचं. पितळी, एका बाजूला भाताची लोंबी, भोकाभोवती दातेरी चाक. आजीच्या देव्हाऱ्यात भोकाचा पैसा होता त्याची आठवण आली. कोणाला कळतंय का? फोटो चढवायचा प्रयत्न करतेय, चढत नाहीये.

टोकियोरिटर्न
ते पाच येनचं नाणं! चलनातल्या जपानी नाण्यांपैकी फक्त यावरच १, २, ३ सारखा आकडा नसतो, सगळं चिनी अक्षरांत. लोंबी म्हणजे शेती, चाक म्हणजे उद्योग, आणि आडव्या रेघा दिसत असतील तर ते पाणी. तुमच्या गाडीत पाणी होतंच म्हणा.

पाच येन म्हणजे 'गो एन'. याच उच्चाराचा दुसरा शब्द आहे 'गोएन', त्याला मराठीत चपखल शब्द आहे: ऋणानुबंध. म्हणून देवळात हेच नाणं टाकतात. पुण्यात जपानी शिकताना आम्हाला हे पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं.

आजोळ
भोकाचा पैसा १९४३ ते ४७ मध्ये निघाला होता. आमच्याकडे करगोट्यात ओवायचे. अवांतराबद्दल क्षमस्व. ताई, नाणं जपून ठेवा.

पाना१४
नाण्यापेक्षा ते पान महत्त्वाचं. त्याने चोर दाखवला.

सीटांच्या मागे, कापडी छताच्या तळाशी एक पन्हळ आहे. छतावरचं पाणी त्यात उतरतं आणि दोन्ही टोकांना, सीटबेल्टचे ते प्लॅस्टिकचे बुरूज आहेत ना त्यांच्या मागे, एकेका भोकातून नळीने खाली जातं. मागच्या चाकाच्या अलीकडे गाडीखाली बाहेर पडतं. ते भोक पानांनी आणि मातीने तुंबलं की पन्हळ भरते आणि पाणी आत. गाडी ज्या बाजूला कलती उभी असेल त्या बाजूला वाहत जातं. तुमची डावीकडे कलते का?

साफ करायला खिळा किंवा सळई घालू नका, नळी फाटते. हवेचा जोरही नको, नळी आतल्या आत सुटते. पडद्याची स्प्रिंग असते ना, वर प्लॅस्टिक असलेली, तिचा तुकडा घ्या आणि फिरवत फिरवत घाला. मग तांब्याभर पाणी हळू ओता आणि कोणाला तरी गाडीखाली बघायला बसवा. फोटोग्राफर आहेच.

उघडझाप
ड्राइव्हवेचा उतार डावीकडे. हो. हो. हो.

पडद्याची स्प्रिंग पाहुण्यांच्या खोलीतून काढली. उजव्या भोकातून पाणी लगेच खाली आलं. डाव्यातून नाही. स्प्रिंग हातभर आत गेली, अडली, फिरवली, आणि खालून भदकन काळा चहाचा चोथा बाहेर पडला. नवरा खालीच होता. त्याने फोटो काढला नाही.

आता क्लिपा. मागच्या कार्पेटला प्लॅस्टिकच्या काळ्या टिकल्या आहेत. पहिल्या दोन मी पेचकसाने उपटल्या आणि दोन्ही तुटल्या. काय चुकतंय?

कुशनवाले
दोन जाती असतात. एकीची मधली टिकली वर ओढायची, मग बाहेरची निघते. दुसरीची मधली टिकली *आत* दाबायची, हलकंसं, एक 'टिक्' होईपर्यंत, की पाय मिटतात आणि पूर्ण क्लिप बोटाने निघते. मध्यभागी खाच नसेल, नुसता सपाट गोल असेल, तर ती दाबायची जात. लावताना मधली टिकली आधी मागून ढकलून वर काढायची, मग भोकात बसवून सपाट दाबायची.

आणि थंडीत करू नका. जुनं प्लॅस्टिक थंडीत बिस्किटासारखं तुटतं. आत हीटर लावा नाहीतर केस वाळवायचं मशीन फिरवा, मग हात लावा. उपटायला लोखंडी पेचकस कधीच नाही. लाकडी उलथन्याची कड घासून पातळ केलेली माझ्या वडिलांची अजून आहे, ती वापरतो.

वाचनमात्र
वाखु (वाचनखूण) साठवली. माझ्याकडे गाडीही नाही.

पेचात_पडलेला
ताईंनी कन्सोलचं विचारलं होतं, ते राहिलं. माझ्याकडेही हीच गाडी होती. गिअरची मूठ फिरवून काढा, स्क्रू काढा (कुलपाच्या कप्प्यात आणि ॲशट्रेखाली बघायला विसरू नका), आणि उचलायच्या आधी काचांच्या बटणाचा कनेक्टर सोडवा. दहा मिनिटांचं काम. साधा फिलिप्सचा पेचकस पुरे.

पाना१४
सगळं मान्य, शेवटचं वाक्य सोडून. फिलिप्स *नको*. जपानी फुली स्क्रू दिसायला तसाच, पण फुलीचा घाट वेगळा. फिलिप्सचं टोक त्यात तळापर्यंत बसत नाही. जोर लावला की वर चढतं आणि फुली खातं. बऱ्याच जपानी स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो, तो दिसला की जपानी मापाचा पेचकस घ्यायचा. तो फार महाग नसतो. मी पहिल्या वेळी हे ऐकलं नाही आणि तीन स्क्रू ड्रिलने उडवले.

पेचात_पडलेला
मी आयुष्यभर फिलिप्सने काढले. पण हो, दर वेळी एक-दोन खराब व्हायचे आणि मी स्क्रूलाच शिव्या द्यायचो. आयडी बदलावा लागणार.

उघडझाप
ठिपका आहे! भिंगातून बघितला.

स्क्रू-बोल्ट हरवू नयेत म्हणून जुना मिसळणाचा डबा घेतलाय. सात वाट्या: सीटचे बोल्ट, सिलचे स्क्रू, कन्सोल, दार, टिकल्या, 'हे कुठलं?' आणि मधल्या वाटीत नाणं. प्रत्येक वाटीत चिठ्ठी. 'हे कुठलं?' ही वाटी सगळ्यात भरलीय.

दाराचं पॅनेलही काढलं. हँडलमागचा स्क्रू, पकडायच्या कप्प्याचे स्क्रू, मग कडेने क्लिपा, मग पॅनेल वर उचलायचं. पॅनेलचा पुठ्ठा खालच्या बाजूला फुगलाय, दोन क्लिपा पुठ्ठ्यासकट आल्या. आत दाराच्या पत्र्यावर प्लॅस्टिकचा कागद काळ्या चिकट डिंकाने लावलेला होता. तो बराच फाटला. सेलोटेपने चिकटवला. तो बहुतेक धूळ येऊ नये म्हणून असावा.

वाईट बातमी: सिलच्या मागच्या टोकाला, चाकाच्या अलीकडे, रंग फुगलाय. पेचकस टेकवला तर आत गेला.

पाना१४
तो कागद धुळीसाठी नाही! काचेवरून दारात पाणी उतरतंच, प्रत्येक पावसात. ते दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर जावं, आत येऊ नये म्हणून तो कागद. सेलोटेप टिकणार नाही. नवा जाड प्लॅस्टिक आणि ब्युटिलची (चिकट रबराची) पट्टी लावा.

सिलचं: ही त्या गाडीची ठरलेली दुखरी जागा आहे. वर तुंबलेली नळी आणि खाली कुजलेला सिल ही जोडी एकत्रच येते. भरणा (फिलरची लुगदी) लावून रंग मारू नका. पत्रा कापून, आतले थर बघून वेल्डिंग.

उघडझाप
वेल्डरकडे जाऊन आले. त्याने कापलं तर आत जाळी आणि वर बोटभर भरणा. माझ्या आधीच्या कोणातरी मालकाने कुठल्यातरी गॅरेजात हे करून घेतलं होतं, एमओटी (इथली गाडीची वार्षिक तपासणी) पास व्हायच्या आदल्या आठवड्यात असणार. वेल्डर म्हणाला, आतलं सगळं काढून आणलंत हे बरं केलंत, नाहीतर वेल्डिंगच्या ठिणगीने कार्पेट पेटतं. डावा सिल झाला. आत मेण फवारलं.

कार्पेट दहा दिवस बाथटबच्या काठावर, मग हॉलमध्ये डीह्युमिडिफायरसमोर. घरात आलेल्या प्रत्येकाने "हे काय?" असं विचारलं.

आज परत बसवायला घेतलं आणि सीटबेल्टच्या खालच्या बोल्टवर अडकले. वेल्डिंगसाठी काढला होता. १७ ची गोटी. दोन आटे जातो आणि घट्ट. दुसरा बोल्ट नटात लावून बघितला, तोही तसाच.

बाबुराव_फियाट
सोपं आहे. १२ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवा, १२ चा नवा बोल्ट. आम्ही असंच करायचो.

पाना१४
ताई, *थांबा*. बाबुराव, हात जोडतो.

गाडी सगळी मेट्रिक, पण सीटबेल्टचा बोल्ट मेट्रिक नाही. तो ७/१६ इंच, एका इंचात २० आटे. म्हणजे अकरा मिलिमीटरच्या किंचित वर. जपानी गाडी असली तरी बेल्टला हेच माप. १२ चा टॅप फिरवलात तर मूळचे आटे कापले जातील आणि हाताशी उरतील अर्धवट आटे. तो बोल्ट अपघातात माणसाला धरतो. तिथे 'चालतंय' नाही.

नटात मेण किंवा भरण्याचा कचरा गेला असेल. ७/१६ चा तोच २० आट्यांचा टॅप आणून फक्त हाताने, तेल लावून, अर्धा पुढे पाव मागे असा साफ करा. टॅप नसेल तर त्याच मापाचा एक जुना बोल्ट घ्या, टोकाला हॅक्सॉने उभी चीर पाडा. चिरेत घाण गोळा होते. नवे आटे कापायचे नाहीत, जुने धुवायचे. बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे, मगच पाना.

बाबुराव_फियाट
इंचाचं माप माहीत नव्हतं. सल्ला मागे. आमच्या फियाटला मुळात बेल्टच नव्हते.

चिपळूणचा_पूर
बाबुराव मागे हटले, हा धागा फ्रेम करून लावा.

उघडझाप
चीर पाडलेला बोल्ट! तिसऱ्या फेरीला चिरेतून वेल्डरच्या मेणाचा आणि वाळूचा लगदा निघाला. खरा बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत. मग टॉर्क रेंच (ठरल्या जोराने घट्ट करायचा पाना), मॅन्युअलमधला आकडा बघून.

सीट लावताना कुशनवाल्यांचं आठवलं. तीन बोल्ट गेले, चौथा भोकापासून अर्धं बोट बाजूला. पट्ट्या बघितल्या: डावी एक खाच पुढे. सीट उचलून सारख्या केल्या, चारही बोल्ट आधी हाताने, मग आळीपाळीने घट्ट. अडकलेल्या त्या चौथ्याच्या जागी नवा बोल्ट घेतला, त्याच ताकदीच्या ग्रेडचा, आट्यांना जरासं ग्रीस.

डबा रिकामा. 'हे कुठलं?' वाटीत दोन स्क्रू आणि एक टिकली उरली. गाडी चालू झाली, काचा वरखाली, हेडरेस्टमधून रेडिओ. वास गेला.

कार्पेटखाली डावीउजवीकडे वर्तमानपत्र पसरलंय. पाऊस आला की बघते. इथे फार वाट बघावी लागत नाही.

कुशनवाले
उरलेली टिकली मागच्या कार्पेटच्या डाव्या कोपऱ्याची असणार. तिथे हात जात नाही म्हणून सगळ्यांचीच राहते.

उघडझाप
तिथलीच होती.

शनिवार, रविवार सलग पाऊस झाला. आज कार्पेट उचललं. सीटखालचा कागद कोरडा. मागचा कोरडा. ईसीयूजवळचा कोरडा, नुसता चुरचुरीत. फक्त दाराच्या बाजूचा कागद ओला, एका सरळ रेघेत, पॅनेलच्या खालच्या कडेच्या बरोबर खाली.

पाना१४
सेलोटेप?

उघडझाप
सेलोटेप. ब्युटिलची पट्टी मागवलीय, गुरुवारी येईल. मिसळणाचा डबा परत बाहेर काढलाय.